मापाच्या वहीतली नावं

सोमवार, २

आज टकळीच्या शाळेत पालकसभा होती. दोन तास दुकान बंद ठेवून गेले. वर्गशिक्षिका मुलांमधल्या दादागिरीबद्दल बोलल्या आणि प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद दिला. आपल्या मुलाला कुणी छळतंय का, ते कसं ओळखावं याची त्यात यादी आहे. वस्तू हरवणं, कपडे फाटणं, पोटदुखीची सबब, गप्प गप्प राहणं. "जे दिसेल ते तारखेसकट लिहीत जा," असं बाई म्हणाल्या, म्हणून ही खटपट. मापाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती कामी आली. कागदाच्या मागच्या बाजूलाही काहीतरी छापलंय, पण ते वेगळ्या पालकांसाठी आहे.

यादीतलं एकही लक्षण माझ्या लेकीत नाही. गप्प तर ती झोपेतही नसते, म्हणून तर तिचं नाव टकळी. दहा वर्षांची आहे, पण तोंडात तीळ भिजत नाही.

मागच्या शाळेत मात्र सगळी लक्षणं होती. मी तिचे फ्रॉक गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडातून शिवायचे. एकाच्या दोन बाह्या दोन रंगांच्या होत्या आणि मला त्याचं भारी कौतुक होतं. वर्गाने तिला चिंधी म्हणायला सुरुवात केली. दीड वर्ष पोर रोज सकाळी पोट धरून बसायची आणि मी तिला गरम पाणी पाजून शाळेत ढकलायचे. मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आम्ही घर बदललं, शाळा बदलली, पुढच्या खोलीत नव्याने दुकान मांडलं. इथल्या पहिल्या दिवशी दारात तिची कॉलर सारखी करताना मी तिला सांगितलं होतं, "इथे कुणासमोर मान खाली घालायची नाही. घाबरायचं असेल तर त्यांनी घाबरावं."

तिने ऐकलं, हे बरं झालं.

गुरुवार, ५

चार दुकानं सोडून पलीकडे घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. आज त्यांच्या मुलीला घेऊन आले. शाळेच्या पांढऱ्या शर्टाची तीन बटणं गेली होती आणि खांदेही दंडावर उतरत होते. बाजू आत घ्यायच्या म्हणून मुलीचं माप घेतलं. छाती किती आणि कंबर किती, दोन्ही आकडे जवळपास सारखेच. माप घेताना पोरगी हातसुद्धा स्वतःहून उचलेना, मीच उचलून धरले.

टकळी आतून डोकावली आणि म्हणाली, "ही आमच्या वर्गात आहे." मुलीने तिच्याकडे पाहिलंच नाही. लाजरी असावी.

गिऱ्हाइकांची नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून मापाच्या वहीत मी प्रत्येकाला एकेक नाव देते. उंच कॉलर मागणारे बँकेतले साहेब म्हणजे जिराफ. माप घेताना श्वास आत ओढून धरणाऱ्या बाई म्हणजे फुगा. मला ज्यांनी काम शिकवलं ते शिंपीकाकाही असंच करायचे. गिऱ्हाईक कधी वहीत डोकावत नाही आणि आपली करमणूक होते. या मुलीच्या पानावर 'हँगर' लिहिलं. टकळीने वाचलं आणि पोट धरून हसली. या घरात आल्यापासून ती इतकी कधी हसली नव्हती. मग मीही हसले.

बटणं लावून टाकली. चार वेळा दोरा, मग बटणाखाली चार वेढे, शेवटचा वेढा निळ्या दोऱ्याचा. तो वरून कुणाला दिसत नाही. शिंपीकाकांचा लाल असायचा, माझा निळा.

शनिवार, ७

टकळीने पाच बटणं आणून दिली. शाळेत पडलेली सापडली म्हणाली. पांढरी, चार भोकांची, शर्टाला चालणारी. दुसरी पोरं चॉकलेटचे कागद गोळा करतात, माझी लेक आईच्या धंद्याचा विचार करते. डब्यात टाकून दिली.

बुधवार, ११

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. घड्याळवाले पुन्हा आले. तोच शर्ट, चार बटणं गायब. त्यांतली तीन मी लावलेली. मुलगी बरोबर नव्हती. त्यांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि माझ्यासमोर माझंच काम तपासायला लागले.

"ताई, दोरा झिजून तुटला तर टोकं पिंजतात," ते म्हणाले. "ही टोकं बघा. सरळ आहेत."

"म्हणजे मी दोरा कच्चा वापरला?"

"तसं नाही म्हणालो मी."

"मग काय म्हणालात?"

त्यांनी भिंग मिटून खिशात ठेवलं. "तुम्ही यातल्या जाणकार, म्हणून विचारलं. घरी ती काही सांगत नाही. पडली, एवढंच म्हणते."

मी म्हटलं, पोरीला कपडे सांभाळता येत नसतील तर त्याला शिंपीण काय करणार. ते शर्ट ठेवून गेले. वीस वर्षं बटणं लावतेय, आजवर एक परत आलं नव्हतं. डब्यातलीच चार घेतली आणि त्याच दोऱ्याने, पण आठ वेळा घालून लावली.

शुक्रवार, १३

माझी दोरा कापायची छोटी कात्री सापडत नाही. सगळा गल्ला, सगळे खण उपसले. टकळीला विचारलं तर म्हणाली, "तूच कुठेतरी ठेवली असशील." असेलही. हल्ली डोकं ठिकाणावर नाही.

सकाळी तिच्या तीन मैत्रिणी तिला बोलवायला आल्या. एकीने तिचं दप्तर घेतलं, दुसरीने पाण्याची बाटली, आणि आमची बाई मोकळ्या हातांनी पुढे चालू लागल्या. मी दारात उभी राहून वळणापर्यंत पाहत राहिले. दीड वर्ष जी पोर भिंतीला घासत शाळेत जायची, तीच का ही. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

बटणं ती आता स्वतःच डब्यात टाकते. मला हातातलं काम सोडावं लागत नाही.

मंगळवार, १७

तिसऱ्यांदा. मागच्या खेपेला लावलेली चारही गायब. या वेळी घड्याळवाल्यांनी भिंग काढलं नाही, काही विचारलंही नाही. शर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सगळीच लावून द्या."

हा आता माझ्या इभ्रतीचा प्रश्न झालाय. जीनच्या पँटला वापरते तो जाड दोरा घेतला, मेणावरून ओढला, आतून कापडाला पट्टी लावली आणि सातही बटणं नव्याने लावली. शेवटचा वेढा निळाच. मग एक बटण धरून सगळ्या ताकदीने ओढून पाहिलं. हललं नाही. आता बैल जुंपा म्हणावं.

टकळी शेजारी बसून पाहत होती. "निघणारच नाहीत का आता?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कापड निघेल, पण बटण निघणार नाही." तिला माझं काम बघायला आवडायला लागलंय.

शुक्रवार, २०

कापडच निघालं.

घड्याळवाल्यांनी शर्ट पिशवीतून काढला तेव्हा मला आधी काही कळेना. वरच्या बटणाच्या जागी बोटभर भोक होतं आणि तिथून कॉलरपर्यंत फाटत गेलं होतं. कॉलरच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग. कपड्यावरचं वाळलेलं रक्त मी ओळखते, सुई टोचली की आमच्याही कपड्यावर पडतं.

"मानेला ओरखडा आहे," ते म्हणाले. "खोल नाही. काल शाळेत गेली नाही, आजही नाही. भिंतीकडे तोंड करून झोपलीय."

मी बसायला स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

"काल पहिल्यांदा बोलली. वर्गात तिला हँगर म्हणतात. बाकी काही सांगेना. कोण म्हणतं, तेही नाही. तुमची मुलगी त्याच वर्गात आहे ना ताई? तिला विचारून बघाल का? मुलं मुलांना सांगतात."

मी म्हटलं, विचारते. मग म्हटलं, हल्ली मुलं काय काय शिकून येतात कोण जाणे. ते गेल्यावर मशीनवर बसले, पण दोन वेळा सुई मोडली. हँगर हा काही जगावेगळा शब्द नाही. किडकिडीत पोरीला कुणीही म्हणेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते.

टकळीला विचारलं नाही. ती खेळायला गेली होती. परत आल्यावरही नाही विचारलं.

शनिवार, २१

सकाळी टकळीचा स्कर्ट इस्त्रीला घेतला. खिशात काहीतरी टोचलं. हात घातला तर माझी छोटी कात्री निघाली आणि एक बटण. बटणाला पांढऱ्या कापडाचा लचका लटकत होता, माझ्या मेणाच्या दोऱ्याने घट्ट धरलेला, खाली निळा वेढा. पट्टीसुद्धा आली होती.

इस्त्री तशीच ठेवली. कापड जळल्याचा वास आला तेव्हा उचलली.

मग बटणांचा डबा परातीत ओतला. एकेक उलटं करून पाहिलं. सात बटणांच्या भोकांत माझा निळा दोरा अडकलेला होता. म्हणजे मी त्या मुलीची बटणं त्याच मुलीला लावत होते. माझी लेक कापून आणायची, डब्यात टाकायची, मी पुन्हा लावून द्यायचे. आणि ज्याला हे दिसलं होतं त्या माणसावर मीच फिसकारले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही वीस वर्षांचा अनुभव असलेला.

टकळीला आतल्या खोलीत बोलावलं. परात पाहिली आणि तिची बडबड बंद पडली.

"हे काय आहे?"

"बटणं."

"कुणाची?"

"ती देते. मी हिसकावत नाही."

"का देते?"

"बाकावर बसायचं तर रोज एक द्यायचं. नाहीतर उभं राहायचं. मधल्या सुट्टीत." मग म्हणाली, "बुधवारी ते निघतच नव्हतं. कात्री चालेना. मग ओढलं."

"कुणी ठरवलं हे बाकाचं?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

तिने परातीतलं एक बटण उलटं केलं. "मी."

मी तिला मारलं नाही. हात उचलला होता, ते लिहून ठेवते. म्हटलं, "तुला चिंधी म्हणायचे तेव्हा तुझं काय व्हायचं, विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणूनच." ती रडत नव्हती, मला समजावून सांगत होती. "कुणीतरी लागतंच गं आई. प्रत्येक वर्गात एक असतंच. पहिल्या दिवशी सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी नसते केलं तर मीच झाले असते. या वेळी मी नाही झाले, एवढंच."

मी विचारलं, "आणि ते हँगर?"

"ते तर तू ठेवलंस."

रविवार, २२

यांचा फोन आला. हे मालाची गाडी घेऊन लांब गेलेत, शनिवारी येतील. सगळं सांगितलं. हे म्हणाले, "पोरं आहेत, आठवड्यात विसरतील. नवा शर्ट शिवून दे आणि विषय संपव. झाकली मूठ ठेव. नवीन जागा आहे, लोक पोरीला काय म्हणतील? दुकानाला काय म्हणतील?"

खरं सांगायचं तर हे बोलायच्या आधी मी तेच ठरवलं होतं. नवा शर्ट कापायलाही घेतला होता. बटणं कुठेतरी लांब टाकून द्यायची, टकळीला दम भरायचा. कुणाला काही कळणार नव्हतं. ती मुलगी नाव सांगत नाही, सांगणारही नाही.

पण ह्यांचं ऐकता ऐकता मला मागच्या शाळेतल्या त्या पोरांच्या आया आठवल्या. मी त्यांना किती शिव्या घातल्या होत्या. यांना दिसत कसं नाही म्हणायचे. दिसलं असेल एखादीला. तिनेही असंच म्हटलं असेल, पोरं आहेत, विसरतील. माझी नाही विसरली.

फोन ठेवल्यावर शाळेचा कागद काढला आणि पहिल्यांदा उलटा केला. मागे लिहिलंय, 'तुमचं मूल इतरांना छळत असेल तर.' पहिलीच ओळ, मुलाकडे कुठून आल्या ते सांगता येत नाही अशा वस्तू. खाली पाचव्या ओळीत, घरात माणसांच्या दिसण्यावरून थट्टा होते का, ते पाहा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, म्हणून मी कागदाची एकच बाजू वाचली.

सोमवार, २३

शाळेच्या वेळेआधी टकळीला आणि डब्याला घेऊन घड्याळवाल्यांकडे गेले. रस्ताभर ती म्हणत होती, "आई, नको. आई, तू एकटी सांग ना." चार दुकानांचं अंतर, पण मीही मध्ये दोनदा थांबले.

ते एक घड्याळ उघडून बसले होते. मी सात बटणं काचेवर ठेवली आणि आठवं, कापड लटकलेलं. म्हटलं, "दादा, ही माझ्या घरात होती. माझ्या मुलीने घेतली." वाटेत बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी भिंग लावलं. एकेक बटण उलटं करून पाहिलं. मग भिंग काढलं. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बटण घेताना ती काय म्हणायची?" त्यांनी टकळीला विचारलं.

"काही नाही." टकळीचा आवाज येत नव्हता. "उभी राहायची."

"रडायची?"

"नाही. कॉलर वर धरायची. म्हणजे कात्री लागू नये म्हणून."

ते उठले आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीवरची घड्याळं बघत राहिले. मग तसेच म्हणाले, "तुम्ही आलात हे बरं केलंत. पण मला आत्ता तुमच्याशी बोलता येणार नाही. शाळेत चला."

वर्गशिक्षिकांनी सगळं ऐकलं आणि तारखांसकट लिहून घेतलं. माझ्याकडे तारखा होत्या, म्हणून वही काढून वाचल्या. माझ्या लेकीला कुणी छळतंय का, ते शोधायला ठेवलेली वही. बाक बदलला जाईल, मधल्या सुट्टीत बाई स्वतः बाहेर थांबतील, त्या तीन मैत्रिणींच्या घरीही बोलतील. टकळी रोज शेवटचा तास त्यांच्यासोबत बसेल. मी म्हटलं, वर्गासमोर माफी मागायला लावा. बाई म्हणाल्या, "कुणाचं समाधान होईल त्याने? तुमचं. त्या मुलीला पुन्हा सगळ्यांसमोर उभं राहावं लागेल."

घरी येईपर्यंत टकळी एक शब्द बोलली नाही. यादीतलं शेवटचं लक्षण, गप्प गप्प राहणं.

गुरुवार, २६

आज घड्याळवाले मुलीला घेऊन नव्या शर्टासाठी आले. मी आधी नाही म्हणून बसले होते, पण ते म्हणाले, "गल्लीत दुसरं कुणी शिवत नाही. आणि काम तुमचं चांगलं आहे." एवढंच. हसले नाहीत. ते बाहेर थांबले. टकळी आतल्या खोलीत होती, दार लोटलेलं.

मानेवरचा ओरखडा वाळलाय. मी टेप लावणार तोच तिने स्वतःहून हात वर केले. मापाची वही टेबलावर होती. जुनं माप पाहायला मी पान उघडलं. तीन दिवस मला कितीतरी गोष्टी सुचल्या, हे पान फाडायचं काही सुचलं नव्हतं.

तिने वाचलं. माझं अक्षर मोठं आहे, उलट्या बाजूनेही वाचता येतं.

"ते माझं नाव नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "मी लिहिलं ते. आधी मी लिहिलं, मग तिने वाचलं."

तिचे हात अजून वरच होते. "ती म्हणायची, हे नाव आमच्या आईने ठेवलंय. मला वाटायचं थाप मारते."

"का?"

"तुम्ही बटणं इतकी छान लावायचात."

टेप ठेवून खाली बसले, तिच्या उंचीला आले. चूक झाली म्हणाले, माझी, मोठ्या माणसाची. ठीक आहे, असं ती म्हणाली नाही आणि तिने म्हणायला हवं होतं असं मला वाटत नाही. मग मी पहिल्यांदा तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं. पान फाडलं, नवं काढलं, वर ते नाव लिहिलं आणि तिला दाखवलं. तिने एक वेलांटी सुधारायला लावली.

ते दोघं गेल्यावर वही घेऊन बसले. जिराफ, फुगा, एकामागून एक. खोडायला लागले तेव्हा कळलं की निम्म्या लोकांची खरी नावं मला माहीतच नाहीत. येतील तेव्हा विचारावी लागतील.

टकळी दार ढकलून बाहेर आली. सगळं ऐकलं असणार. माझ्या शेजारी उभी राहून पानं पाहू लागली. तिच्या मापाच्या पानावरही 'टकळी' असंच लिहिलंय. मी पेन टेकवलं आणि विचारलं, "हे खोडू?"

तीन दिवसांनी ती आपणहून बोलली.

"राहू दे. मला आवडतं ते." मग थोडा वेळ पानावर बोट फिरवत राहिली. "तिला कुणी असं विचारलं नाही ना, आई."

"नाही," मी म्हटलं, "कुणीच नाही." ती माझ्याशेजारी स्टुलावर बसली आणि आता मात्र रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. बसून राहिले आणि वहीतलं पुढचं नाव खोडलं.